नोटिशीच्या आधी कायदा पोचू द्या : महसूल खाते, पंचायत संचालनालय आणि विधी सेवा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
महसूल खाते आणि पंचायत संचालनालय, गोवा सरकार,
तसेच गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरण

सन्माननीय अधिकारीवर्गास सादर नमस्कार.

उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सरकारी कचेऱ्या जवळ असल्याने लोक आधी माझ्याकडे येतात. कुणाला एक-चौदाची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, प्रत काढायची असते, कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला शपथपत्र. पुष्कळांना तर हातातला कागद नुसता वाचून हवा असतो. मी वकील नाही आणि वकिलाचं काम करतही नाही. पण इतकी वर्षं लोकांचे कागद डोळ्यांखालून गेल्यावर जे दिसलं, ते तुमच्यापर्यंत पोचवणं मला माझं कर्तव्य वाटतं.

गोव्यातला लहान घरमालक आणि लहान धंदेवाला यांची कायद्याशी पहिली गाठ पडते ती नोटीस आल्यावर. तोवर सही करून झालेली असते, पैसे देऊन झालेले असतात आणि मुदतही निम्मी सरलेली असते. ही गाठ आधी पडावी, एवढंच मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

सुरुवात नोटिशीपासूनच करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक नोटिसा इंग्रजीत असतात. वरती कलमांचे आकडे, मध्ये दोन लांबलचक वाक्यं, खाली सही-शिक्का. माणूस विचारतो, ‘दंड खंय भरपाचो?’ दंड भरायचा नसतोच, उत्तर द्यायचं असतं. पण नेमका काय ठपका आहे, किती दिवसांत, कुणाकडे, कोणते कागद जोडून उत्तर द्यायचं आणि निर्णय विरुद्ध गेला तर अपील कुठे करायचं, यातलं काहीही त्याला समजेल अशा शब्दांत त्या कागदावर नसतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्याही सरकारी वापराची तरतूद केली. मग ज्या कागदावर माणसाचं घर अवलंबून आहे, तोच या दोन्ही भाषांपासून दूर का? संपूर्ण नोटिशीचं भाषांतर आज जमत नसेल तर निदान पाठीमागे पाच ओळी कोकणी-मराठीत छापा: आरोप काय, करायचं काय, शेवटची तारीख, उत्तराचा पत्ता, अपिलाची जागा. खर्च नगण्य आहे. या पाच ओळींअभावी मुदत चुकलेली माणसं मी पाहिली आहेत. एका बाईच्या घराच्या मागच्या पडवीबद्दल पंचायतीची नोटीस होती. ती नोटीस तिने देवघरात जपून ठेवली, कारण सरकारी कागद हरवू नये एवढंच तिला ठाऊक होतं. माझ्याकडे आली तेव्हा मुदत टळून गेली होती. पडवी कायदेशीर होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. पण तिचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही, हे मात्र खरं.

आता जमिनीच्या कागदांकडे येते. सर्वात मोठं दुखणं तिथे आहे.

आमच्या लोकांच्या मनात मालकी सिद्ध करणारे तीन पुरावे पक्के बसले आहेत: एक-चौदावर नाव, घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल. यातला एकही कागद मालकी देत नाही. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली जमिनीची मोजणी होऊन हक्कनोंदी तयार झाल्या, त्यांचा उतारा म्हणजे एक-चौदा. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, हे बरोबर. पण महसुली नोंदीने मालकी हक्क मिळतही नाही आणि जातही नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. घरपट्टी हा तर निव्वळ कर आहे. मालकी शोधायची तर मागे जावं लागतं: विक्रीखत, वाटणी, जुन्या भू-नोंदणीतली नोंद, आणि पोर्तुगीज अमदानीतले कागद. ते कागद पोर्तुगीज भाषेत, तेही हाताने लिहिलेले. घरच्या पेटीत असले तरी वाचणार कोण? भाषांतरकार शोधायचा, त्याची फी द्यायची, मग ते घेऊन वकिलाकडे जायचं. लहान माणूस पहिल्याच पायरीवर थकतो.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असते हे सरकारला ठाऊक आहे. मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी बनावट दस्तांवर विकल्या गेल्या, म्हणूनच २०२२ च्या जूनमध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. गुन्हेगारांना पकडणं तुमचं काम आहे आणि ते चाललं आहे. पण त्या प्रकरणातून एक साधा धडा प्रत्येक वाड्यावर पोचायला हवा होता, तो पोचलेला नाही. दस्त उपनिबंधकाकडे नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकी तपासली, असा लोकांचा ठाम समज आहे. प्रत्यक्षात विकणाऱ्याची मालकी तपासून पाहणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेणाऱ्याने सगळी तपासणी स्वतः करायची. हे वाक्य मोठ्या अक्षरांत, आमच्या भाषेत, प्रत्येक उपनिबंधक कचेरीच्या दारावर लावायला काय अडचण आहे? त्याखाली हेही लिहा: जमीन शेतीची आहे का, रूपांतराची सनद, म्हणजे ती बिगरशेती करण्याची परवानगी, झाली आहे का, प्रादेशिक आराखड्यात ती कोणत्या विभागात येते, त्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ पासून कायद्याने बंधन आहे. तरी तशा शेतातले तुकडे ‘पुढे सनद होईल’ असं सांगून दाखवले जातात आणि लोक विसार देऊन बसतात.

याहून खोल प्रश्न वारसाचा आहे. गोव्याचा वारसा कायदा बाकीच्या देशाहून वेगळा. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली त्याची तत्त्वं आता २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहेत, आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. या कायद्याचा आपल्याला अभिमान वाटतो, समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सगळा देश गोव्याकडे बोट दाखवतो. पण ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांना तो माहीत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघांची मालमत्ता सामायिक होते. म्हणून घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. मुलगी आणि मुलगा यांचा हक्क सारखा. वारसांचा राखीव अर्धा भाग मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, मनाप्रमाणे देता येतो तो उरलेला अर्धाच. इतका न्यायी कायदा असताना माझ्या काउंटरसमोर उभी असलेली लेक म्हणते, ‘माझं लग्न झालं, आता वडिलांच्या घरात माझं काय?’ आणि थोरला मुलगा सांगतो, ‘बापायने सगळं घर माझ्या नावावर लिहून ठेवलंय.’ दोघंही चूक, दोघंही प्रामाणिक. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

हक्क सोडण्याचं तर विचारू नका. बहिणींच्या सह्या घेण्यासाठी कागद तयार करून आणतात, कधी वडील हयात असतानाच. जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही. तो सोडायचा तर माणूस गेल्यावर, रीतसर दस्ताने, आणि कशावर सही करतो आहोत हे पूर्ण समजून. साध्या स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या त्या सहीचं मोल काय, हे बहिणीला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा भावालाही. पुढे दहा-पंधरा वर्षांनी घर दुरुस्तीला निघालं, कर्जाचा प्रश्न आला की भावंडांत वैर येतं. मायेने राहिलेली घरं अशा एका कागदावरून तुटताना पाहणं फार जड जातं.

बहुसंख्य घरांत तर तोही कागद झालेला नसतो. आजोबा जाऊन एक पिढी लोटली तरी उताऱ्यावर नाव आजोबांचंच. वारसांपैकी एक मुंबईला, एक लंडनला, दोघी लग्न होऊन दोडामार्ग-सावंतवाडीकडे. वाद काहीच नाही, सगळे एकमेकांशी नीट बोलतात. अशा बिनवादाच्या घरासाठी विशेष नोटरीसमोर वारसाचा दस्त करता येतो. वाटणीवर एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. पण पहिल्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं आणि दुसऱ्याचं नाव ऐकूनच लोक घाबरतात. पंचायतीत मृत्यूची नोंद होते त्याच दिवशी, त्याच दाखल्यासोबत, ‘आता पुढे काय करायचं’ असं सांगणारा एक पानाचा कागद कुटुंबाच्या हाती दिला, तर पुढच्या पिढीचे निम्मे खटले उभेच राहणार नाहीत असं मला मनापासून वाटतं. दुःखाच्या दिवसांत तो कुणी वाचणार नाही कदाचित. पण घरात राहील, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी उघडेल.

मुंडकार आणि भाटकार (जमीनमालक) यांच्याविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तो विषय इथे सर्वांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला मनमानीने घरातून काढता येत नाही, आणि घर व भोवतालची ठरावीक जागा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. मामलेदाराकडे नोंद व्हावी लागते. नोंद झाली की काम संपलं असं समजून कितीतरी कुटुंबं खरेदीचा अर्जच करत नाहीत. भाटकाराच्या घरातल्या विधवा बाईलाही आपल्या जमिनीचं नक्की काय झालं आहे ते कळत नसतं. दोघांनाही एकाच वेळी, एकाच बाकावर बसवून सांगणारा माणूस हवा.

आणि धंदा? धंद्याचे प्रश्न वेगळे आहेत असं वाटतं, पण ते पुन्हा घराच्या कागदापाशीच येऊन अडकतात. घरातल्या पुढच्या खोलीत बेकरीचं सामान विकायचं, शिवणयंत्रं मांडायची, दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या. पंचायतीचा परवाना हवा, तिथे मालकाचा ना हरकत दाखला मागतात. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा आणि मालकाची संमती मागतात. मालक म्हणजे आजोबा, आणि ते हयात नाहीत. संमती देणार कोण? मग ओळखीतून कुठलातरी कागद जुळवला जातो आणि धंदा पहिल्या दिवसापासून कच्च्या पायावर उभा राहतो. तक्रार झाली की तोच कागद अंगावर येतो. पर्यटकांना खोली देण्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद लागते, हेही पुष्कळांना तपासणी आल्यावरच कळतं. खोल्या इंटरनेटवर नोंदवल्या म्हणजे सगळं झालं अशी त्यांची समजूत असते. यात फसवायचा हेतू नसतो. हंगामात चार पैसे यावेत एवढीच इच्छा.

दुसरीकडे, गरज नसलेले खर्चही त्यांच्या गळ्यात पडतात. वर्षाची उलाढाल मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल पाठवण्यासारखे काही अपवाद आहेत, ते वेगळे. तरी एजंटाच्या सांगण्यावरून छोटा दुकानदार नोंदणी करतो, पुढची विवरणपत्रं भरत नाही आणि विलंब शुल्क साठत जातं. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजारो रुपये मोजून आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना ती मोफत आहे हे सांगताना मलाच अवघडायला होतं.

उलट त्याच नोंदणीने जो हक्क मिळतो तो मात्र कुणी सांगत नाही. हॉटेलांना लोणची-पापड करून पुरवणाऱ्या बायका, चादरी धुऊन देणारे, फर्निचर दुरुस्त करणारे, या सर्वांचे पैसे सहा-सहा महिने अडकतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाने माल किंवा सेवा दिली की लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नोंदणी माल देण्याआधी झालेली असली तर पुढचे वाद टळतात. हे कळल्यावर एका लोणचीवाल्या मावशींनी हॉटेलला साध्या भाषेत पत्र लिहून पाठवलं, कलमासकट. पैसे आले. कोर्ट नाही, वकील नाही, भांडण नाही. कायदा माहीत असल्याचं बळ ते एवढं!

चेकचंही तसंच. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. भिडेखातर लोक थांबतात, ‘देईल की, ओळखीचाच आहे’ म्हणतात, आणि मुदती निघून जातात. भाड्याच्या दुकानांचं तर सारंच अकरा महिन्यांच्या करारावर चालतं. मालकाला भीती की भाडेकरू चिकटून बसेल, भाडेकरूला भीती की भट्टी बांधून झाल्यावर बाहेर काढतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींवर नीट लिहिलेल्या, नोंदवलेल्या करारात उपाय आहे.

विनापरवाना घरं नियमित करण्याच्या सरकारच्या म्हजें घर योजनेचाही उल्लेख करायला हवा, कारण तिचे अर्ज लोक हाती घेऊन येतात. स्वतःच्या जमिनीतलं विनापरवाना घर, सरकारी जमिनीतलं घर आणि कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामुदायिक) जमिनीतलं घर, या तिन्हींसाठी कायद्याची वाट वेगवेगळी आहे. अर्ज भरायला आलेल्याला आपलं घर यातल्या कोणत्या जमिनीत आहे हेच कधीकधी ठाऊक नसतं. अर्जासोबत तो शपथपत्रावर सही करतो. चुकीचं शपथपत्र म्हणजे काय, ते सही करण्याआधी त्याला कुणी सांगावं? मी टाइप करते आणि शक्य तेवढं बोलते. पण हे काम माझ्यासारखीवर सोडून देणं बरोबर नाही.

विधी सेवा प्राधिकरणाला म्हणूनच खास विनंती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. मी हा क्रमांक दुकानात मोठ्या अक्षरांत लावला आहे. लोक वाचतात आणि विचारतात, ‘खरंच पैसे घेत नाहीत?’ तुमची शिबिरं होतात, पण ती सभागृहात होतात, भाषणं होतात आणि माणूस आपला कागद पिशवीतून काढेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू होतं. तुमचे विधी स्वयंसेवक लोक जिथे असतात तिथे बसवा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, डिचोलीचा बुधवारचा बाजार. एक टेबल, दोन खुर्च्या, कोकणी-मराठी बोलणारा एक जाणकार आणि पोर्तुगीज वाचू शकणारा एक माणूस. भाषण नको. ज्याने त्याने आपला कागद पुढे करावा आणि त्याला तीन गोष्टी सांगाव्यात: हा कागद काय आहे, पुढे कुठे जायचं आणि कधीपर्यंत.

महसूल खात्याकडे एक मागणी उरली. एखाद्या सर्व्हे नंबरवर फेरफाराचा अर्ज आला किंवा दस्त नोंदणीला आला, की उताऱ्यावर नाव असलेल्या आणि मोबाइल नंबर दिलेल्या प्रत्येकाला लगेच कोकणी-मराठीत संदेश जावा. बँकेतून पाचशे रुपये गेले तरी आपल्याला संदेश येतो. वाडवडिलांची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढत असताना मालकाला वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातून कळावं, हे या काळात पटत नाही. हयात नसलेल्यांच्या नावे असलेल्या उताऱ्यांसाठी वारसांना आपले नंबर नोंदवता यावेत, मालकीचा निवाडा पुढे व्हायचा असला तरी.

पंचायत संचालनालयाने मनावर घेतलं तर यातल्या बऱ्याच गोष्टी नवीन कायदा न करता होतील. राज्यात १९१ पंचायती आहेत. प्रत्येक ग्रामसभेत विषयपत्रिकेवर अर्धा तास घराच्या आणि धंद्याच्या कायद्यासाठी ठेवा, विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस बोलवा, आणि एका सभेला एकच विषय घ्या: या वेळी वारसाचा दस्त, पुढच्या वेळी सनद, त्याच्या पुढच्या वेळी दुकानाचे परवाने. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कागदावर घेऊ नका, नाहीतर कुणी विचारणार नाही. गावात आपल्या घराचा कागद कच्चा आहे हे चारचौघांत सांगायला धीर लागतो.

या पत्राचं उत्तर मराठीत आणि लेखी मिळावं, ही विनंती. ते दुकानात सर्वांना वाचता येईल असं लावीन. नोटिशीच्या पाठीवर छापायच्या पाच ओळींचा आणि मृत्यूच्या दाखल्यासोबत द्यायच्या एका पानाचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. तुमच्याकडचा कायदा जाणणारा कुणी तो तपासून दुरुस्त करून देणार असेल तर मी तो विनामूल्य टाइप करून, छापायला योग्य असा तुमच्या हवाली करीन.

आपली,
झेरॉक्स-टायपिंग व्यावसायिक,
उत्तर गोवा